पन्नास वर्षं जुने स्पीकर घेताना: किंमत कशी ठरवली, आवाज कसा तपासला

जानेवारीत शोध सुरू केला आणि जूनच्या अखेरीस एआर-३ए ची (अकूस्टिक रिसर्च, म्हणजे एआर, या अमेरिकन कंपनीचा जुना स्पीकर) जोडी नीट वाजती होऊन घरात उभी राहिली. मधे जे जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतेय, कारण मला स्वतःला ही माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळाली, कोणी फक्त भाव सांगायचं, कोणी फक्त "आवाज ऐक, मग कळेल" म्हणायचं, आणि समोर पन्नास वर्षं जुनी जड पेटी उभी असताना नेमकी सुरुवात कुठून करायची हे कोणी सांगत नव्हतं. माझं मत आधीच सांगते, किंमत आणि आवाज हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळ्या वेळी, वेगळ्या हत्यारांनी सोडवायचे. किंमत बरीचशी अस्सलपणावर ठरते, म्हणजे आतले भाग मूळचे आहेत का, जोडी खरंच जोडी आहे का, लेबल शाबूत आहे का. आवाज ठरतो आत्ताच्या तब्येतीवर. अत्यंत अस्सल जोडी वाईट वाजू शकते आणि अर्धे भाग बदललेली जोडी सुरेख वाजू शकते, त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्यावरून काढायला गेलं की गोंधळ होतो.

जानेवारीचा अख्खा महिना मी काहीही विकत न घेता फक्त वाचत, ऐकत आणि भाव टिपत होते. भाव टिपताना एक नियम ठेवला तो फार उपयोगी पडला, विकणाऱ्याने मागितलेली किंमत लिहायचीच नाही, फक्त प्रत्यक्ष व्यवहार झालेली किंमत लिहायची. मागितलेले आकडे कितीही फुगलेले असतात आणि तेच डोळ्यासमोर राहिले की आपल्यालाही तो भाव रास्त वाटायला लागतो. वहीत प्रत्येक मॉडेलला तीन रकाने केले, दुरुस्ती होऊन तयार असलेली जोडी, वाजती पण न उघडलेली, आणि बंद किंवा अर्धवट. तिन्हींमधला फरक किती आहे हे पाहिलं की बाजार दुरुस्तीच्या जोखमीला किती किंमत देतो ते आपोआप दिसतं.

याच महिन्यात ओळखीपाळखीने बरेच जुने स्पीकर ऐकले आणि प्रत्येकाने किमतीबद्दल काहीतरी वेगळं शिकवलं. बीबीसीने छोट्या जागेतल्या मॉनिटरिंगसाठी (कार्यक्रमाचा आवाज तपासून ऐकण्यासाठी) डिझाइन केलेला एलएस३/५ए घ्या, तो बीबीसीच्या परवान्याने रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ, केफ अशा अनेकांनी बनवला, सगळ्यांत केफचेच टी२७ ट्वीटर (बारीक, वरचे स्वर वाजवणारा भाग) आणि बी११० वूफर (खालचे स्वर वाजवणारा), पण १९८७-८८ च्या सुमारापर्यंतचे १५ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) आणि नंतरचे ११ ओहमचे, आणि संग्राहक १५ ओहमच्या जोडीला जास्त मोजतात. आवाजात फरक आहे का, तर आहे, पण किमतीतल्या फरकाएवढा मला तरी ऐकू आला नाही. टॅनॉयच्या ड्युअल कॉन्सेंट्रिकचं तसंच. ही रचना १९४७ पासूनची, मधोमध ट्वीटर बसवलेली, मग मॉनिटर सिल्व्हर, रेड, गोल्ड अशी चुंबकाच्या कव्हरच्या रंगावरून नावं, आणि १९७४ मध्ये एचपीडी. एचपीडीला कोनच्या (पुढेमागे हलून आवाज काढणाऱ्या पडद्याच्या) कडेला फोम आहे, फोम कालांतराने कुजतो, म्हणून तिथे पहिला प्रश्न फोमचाच. यामाहा एनएस-१०००एम १९७४ चा, मिड (मधले स्वर वाजवणारा भाग) आणि ट्वीटर दोन्हींचे घुमट बेरिलियम धातूचे, ऐकायला आजही थक्क करणारा, पण त्यातला एक घुमट फुटला तर दुरुस्ती नाही, दुसरा शोधायचा, आणि फुटलेल्या बेरिलियमची धूळ श्वासात जाणं घातक, त्यामुळे तिथे हात लावायचाच नाही. क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक १९५७ चा, आवाजात माणूस समोर येऊन बसतो, पण आत उच्च दाबाची वीज आणि पॅनलचं काम जाणकारानेच करायचं. जेबीएल एल१०० हा १९७० चा, कंपनीच्या स्टुडिओ मॉनिटरची घरगुती आवृत्ती, आणि २०१८ मध्ये कंपनीने त्याचं नवं रूप काढलं, तेव्हापासून तो चेहरा पुन्हा लोकांच्या डोळ्यात भरलाय. किमतीत आठवणी आणि दिसणं हाही मोठा भाग असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही, पण आपण नक्की कशाचे पैसे देतोय ते माहीत हवं.

एआर-३ए वर मन बसलं त्याची कारणं दोन. एक म्हणजे तो विचार मला फार आवडतो. एडगर विलचर यांनी १९५४ मध्ये एआर-१ आणला तेव्हा मोठ्या बेससाठी कपाटाएवढी पेटी लागते अशी समजूत होती, त्यांनी पेटी हवाबंद केली, कोनचं निलंबन, म्हणजे त्याला जागेवर धरणारा भाग, मुद्दाम सैल ठेवलं, आणि आतली कोंडलेली हवाच स्प्रिंग म्हणून वापरली. हवेची स्प्रिंग तारेच्या किंवा कापडाच्या स्प्रिंगपेक्षा जास्त सरळ वागते, म्हणून छोट्या पेटीतून खोल आणि स्वच्छ बेस निघाला. मग एआर-३ मध्ये घुमटाकार ट्वीटर आले आणि १९६७ मध्ये एआर-३ए, १२ इंची वूफर, दीड इंची मिड, पाऊण इंची ट्वीटर. दुसरं कारण व्यवहारी आहे, या मॉडेलचं बहुतेक सगळं दुरुस्त होतं आणि काय काय म्हातारं होतं ते सर्वांना माहीत आहे. पहिल्यांदाच जुना स्पीकर घेणाऱ्याने असंच मॉडेल निवडावं असं मी म्हणेन, ज्याचे आजार ठाऊक आहेत.

फेब्रुवारीत एका ओळखीच्या बाईंकडून कळलं की त्यांच्या नात्यातले एक निवृत्त गृहस्थ जोडी काढताहेत. फोन केला. मी म्हटलं, "काका, मागच्या लेबलचा फोटो पाठवाल का, सिरियल नंबर दिसेल असा?" ते म्हणाले, "अगं, तिथे कोळ्यांची जाळीच जाळी असतील, घेतल्यापासून मागं कोणी पाहिलेलंच नाही." मला ते ऐकून बरं वाटलं, कारण न हललेली वस्तू बहुधा न उघडलेली असते. फोटो मागताना मी नुसतं "सगळीकडून पाठवा" म्हटलं नाही, नेमके सांगितले: मागचं लेबल, टर्मिनल (वायरी जोडायच्या जागा), जाळी काढून समोरचे तिन्ही ड्रायव्हर (वूफर, मिड, ट्वीटर), वूफरची कड अगदी जवळून आणि तिरक्या उजेडात, पेटीचे खालचे चारही कोपरे. खालचे कोपरे लोक विसरतात, पण ओल लागून लाकूड फुगलं असेल तर ते तिथेच दिसतं. नंबर लागोपाठचे नव्हते पण जवळचे होते आणि लेबलची छपाई, टर्मिनल सगळं सारखं होतं. लागोपाठ नंबर असतील तर किंमत थोडी चढते, पण जवळचे नंबर असले तरी एकाच काळातली जोडी आहे एवढं समजतं, आणि आवाजासाठी ते पुरतं.

प्रत्यक्ष पाहायला मार्चच्या सुरुवातीला गेले, काकांच्या तब्येतीमुळे तारीख दोनदा पुढे गेली होती. सकाळची वेळ मागून घेतली कारण रस्त्याचा आवाज कमी असतो. सोबत घेतलं ते असं: मल्टिमीटर, बॅटरी, दीड व्होल्टचा सेल आणि वायरीचा तुकडा, चांगला स्क्रू ड्रायव्हर, माझा स्वतःचा छोटा ॲम्प्लिफायर जो ४ ओहमचा भार पेलतो, आणि फोनमध्ये टेस्ट टोन व ओळखीची रेकॉर्डिंग. विकणाऱ्याच्या ॲम्प्लिफायरवर कधीच ऐकू नये, त्याचे ट्रेबल-बेसचे खटके कुठे आहेत, तो स्वतः किती जुना आहे, आपल्याला काहीच ठाऊक नसतं.

क्रम ठरवलेला होता. आधी डोळे, मग हात, मग मीटर, मग टोन, आणि गाणं सगळ्यात शेवटी. गाणं आधी लावलं की मन जातं त्याच्यावर, आणि मग समोरचे दोष आपण माफ करत सुटतो.

डोळ्यांनी पाहताना सगळ्यात जास्त वेळ स्क्रूंवर घालवला. न उघडलेल्या स्पीकरच्या स्क्रूंची खाच स्वच्छ असते, कडा धारदार, भोवती धूळ एकसारखी बसलेली. उजव्या पेटीचे वूफरचे स्क्रू तसेच होते. डाव्याचे मात्र खाचेत चकाकत होते, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर घसरून पत्रा खरवडलेला, आणि कोनच्या काठावर जुन्या गोंदाची पिवळट रेघ फोमच्या बाहेर आलेली. म्हणजे डाव्या वूफरचा फोम कधीतरी बदललाय. काकांना विचारलं तर त्यांना आठवलं, थोरल्या भावाने कोणाकडून तरी करून घेतलं होतं, कधी ते नाही. यात लपवाछपवी काही नव्हती, पण एका बाजूचा फोम मूळचा आणि दुसऱ्या बाजूचा नंतरचा, तोही बहुधा जाडसर, हे वहीत गेलं. फोम हाताने तपासताना नखाने कधी दाबू नये, बोटाच्या पेराने हळूच स्पर्श करायचा, चिकट लागला किंवा चुरा बोटाला आला तर तो संपलाय. उजव्याचा आला.

मग हवाबंद पेटीची खास परीक्षा. वूफरच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखी बोटं ठेवून कोन सावकाश आत ढकलायचा आणि सोडायचा. पेटी खरंच हवाबंद असेल तर दाराला लावलेल्या क्लोजरसारखा तो रेंगाळत परत येतो. उजवा तसा आला. डावा झटकन परत आला, म्हणजे हवा कुठूनतरी निसटतेय. हवाबंद रचनेत ही गळती म्हणजे बेसचं नुकसान, आणि बेस हेच तर या स्पीकरचं भांडवल. गळती कुठे आहे ते शोधायला नंतर ३० हर्ट्झचा टोन अगदी हळू आवाजात लावला आणि हात फिरवला, वूफरच्या रिंगच्या खालच्या बाजूला फुसफुस स्पष्ट जाणवली. तिथला सीलचा लगदा वाळून तडकला होता. हा दोष कान टवकारून गाणं ऐकताना सापडला नसता, आणि दुरुस्तीला अगदी स्वस्त आहे, म्हणून असे दोष सापडले की घाबरायचं नाही, उलट भाव बोलताना ते उपयोगी पडतात.

मल्टिमीटरबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. ८ ओहम म्हणून विकलेला स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीनच्या आसपास, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. पण मागच्या टर्मिनलवर मोजलेला आकडा अशा क्रॉसओव्हरमध्ये (वरचे-खालचे स्वर वेगळे करून त्या त्या ड्रायव्हरला देणाऱ्या सर्किटमध्ये) फक्त वूफरबद्दल बोलतो. मिड आणि ट्वीटरच्या वाटेत कॅपॅसिटर असतात आणि ते डीसी, म्हणजे मीटरची एकाच दिशेने वाहणारी वीज, अडवतात, त्यामुळे ट्वीटर जळून गेलेला असला तरी मागचा आकडा छान येतो. अनेक विक्रेते तो आकडा दाखवून "सगळं ओके" म्हणतात, खोटं बोलत नसतात, पण त्यातून सगळं कळत नाही. ट्वीटर वाजतोय का हे कान त्याच्यापाशी नेऊन, आवाज अगदी कमी ठेवून ऐकायचं.

तसं ऐकलं तर डावा ट्वीटर गप्प. पाठीमागची लेव्हलची मूठ (ट्वीटरचा आवाज कमीजास्त करणारी) थोडी फिरवली तर खरखर करत आला, परत गेला, परत आला. वयाने या मुठीमागच्या पॉटमधला (फिरवून रोध बदलणाऱ्या भागातला) धातू काळवंडतो आणि संपर्क तुटतो, जुन्या स्पीकरांत हे नेहमीचं आहे, आणि इथेच बरेच लोक "ट्वीटर गेला" म्हणून जोडी सोडून देतात किंवा विकणारा स्वतःच घाबरून भाव पाडतो. मूठ हळूहळू पन्नासेक वेळा पुढेमागे फिरवली की निदान तपासणीपुरता संपर्क येतो. आला. दोन्ही ट्वीटर जिवंत होते, डावा थोडा दबका.

सेलची परीक्षा सोपी, दीड व्होल्टचा सेल क्षणभर टर्मिनलला लावायचा, प्लसला प्लस, आणि कोन बाहेर येतो की आत जातो पाहायचं. दोन्ही पेट्यांत सारखं हवं. जुन्या जेबीएलमध्ये मात्र प्लस दिल्यावर कोन आत जातो, ती त्यांची जुनी पद्धतच होती, तो दोष समजू नये. मग २० ते २०० हर्ट्झचा सरकता टोन, हळू. इथे दोन प्रकारचे आवाज येऊ शकतात, पेटीचा किंवा जाळीचा खुळखुळाट, जो हात ठेवला की थांबतो, आणि व्हॉइस कॉइल (कोनला हलवणारं तारेचं वेटोळं) चुंबकाला घासल्याचा कोरडा खरखराट, जो हात ठेवून थांबत नाही. दुसरा असेल तर खर्च वेगळ्याच पातळीवर जातो, कोन, कॉइल, स्पायडर (कॉइलला मध्यावर धरणारी कापडी चकती) सगळं बदलायला लागतं, आणि मग वाजेल छान पण अस्सलपणाची किंमत उतरते. इथे दोन्ही वूफर स्वच्छ होते.

आता गाणं. एकाच स्पीकरवर, मोनो. स्टिरिओत दोन्ही वाजले की जागा भरून जाते आणि दोष लपतात, एकटा स्पीकर लपवू शकत नाही. मी पहिल्यांदा गाणं नाही, बोलणं लावते, पुरुषाचा सहज बोलण्याचा आवाज, कारण माणसाचा आवाज आपल्याला जन्मापासून माहीत असतो, छाती ठोकल्यासारखा किंवा नाकातून आला तर लगेच कळतं. मग तानपुरा. तानपुऱ्यात खालच्या षड्जापासून वरच्या स्वरांशांपर्यंत सगळं एकाच वेळी सतत चालू असतं, कुठल्या पट्टीत खड्डा असेल तर झणत्कार मधेच विरळ होतो. मग तबल्याचा बायां, घुमारा किती वेळ टिकतो आणि कुठे थांबतो हे ऐकायला. शेवटी पियानो. नंतर दोन्ही स्पीकर मोनोवरच एकत्र, आणि बरोबर मध्ये बसायचं, आवाज दोघांच्या मधोमध एका बिंदूत यायला हवा. इथे तो उजवीकडे झुकत होता आणि बारीक स्वर तर अगदीच उजवीकडे, म्हणजे डावा ट्वीटर कमी पडतोय हे कानानेही सांगितलं. तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी हवी, एखादा डेसिबल जास्त असला तरी मोठा वाजणारा आपल्याला "चांगला" वाटतो.

त्या दिवशी भाव बोलले नाही. काकांना म्हटलं, "काका, आठवडाभर द्या, सगळं लिहून पाठवते, मग बोलू." घरी येऊन हिशोब मांडला: तयार जोडीचा प्रत्यक्ष व्यवहाराचा मधला भाव, त्यातून वजा दोन्ही फोम, कॅपॅसिटर, पॉटचं काम, सील आणि वाहतूक, आणि शिवाय एका ट्वीटरची अख्खी किंमत जोखीम म्हणून वजा, कारण दबका ट्वीटर कॅपॅसिटर बदलून सुधारतो की नाही हे उघडल्याशिवाय कळत नाही. दुरुस्तीचे दर अंदाजाने नाही, दोन कारागिरांकडून लेखी मागवून घेतले. जो आकडा आला तो काकांनी मागितलेल्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी होता. फोटोंसकट यादी पाठवली, कुठे काय सापडलं, प्रत्येकाला किती खर्च. त्यांनी दोन दिवसांनी फोन केला, ट्वीटरच्या जोखमीचा अर्धा भाग तुम्ही सोसा म्हणाले, मला ते रास्त वाटलं. यादी दाखवून बोललं की भाव करणं हे भांडण राहत नाही.

कागद मात्र व्यवस्थित करा, ओळखीचा माणूस असला तरी. आम्ही एका पानावर लिहिलं: मॉडेल, दोन्ही सिरियल नंबर, काय वाजतं आणि काय नाही, "आहे त्या स्थितीत" ही ओळ, रक्कम, आगाऊ किती, बाकी कधी, तारीख, दोघांच्या सह्या. मूळ बिल नव्हतं. भावाकडे मूळ पुस्तिका सापडली ती त्यांनी दिली, आणि अशा कागदांनी किंमत खरंच थोडी वाढते, म्हणून विचारायला लाजू नका.

हे पान वाहतुकीच्या वेळी कामाला आलं. पार्सलचा विमा उतरवायचा तर फॉर्मवर निर्मितीचं वर्ष, जाहीर मूल्य आणि खरेदीचा पुरावा असे रकाने, पुरावा म्हणून पक्कं बिलच हवं असं आधी सांगितलं, मग सह्यांचं पान आणि कारागिराचं मूल्याबद्दलचं पत्र जोडल्यावर अर्ज पुढे गेला, त्यात मार्च संपला. एकेक पेटी २४ किलोच्या आसपास. दुहेरी खोकी, मध्ये कडक फोमचे कोपरे, आणि ट्वीटर-मिडच्या समोर जाड पुठ्ठा पण त्यांना न टेकणारा, कारण त्यांच्या तारा समोरच्या बाजूला उघड्या आणि केसासारख्या बारीक असतात. पॅक करण्याआधीचे आणि करतानाचे फोटो वेळेसकट ठेवले.

एप्रिलमध्ये कारागिराकडे काम लागलं. मी बसून पाहिलं, त्यांची हरकत नव्हती. उघडताना आत काचतंतूंची भरण असते, हातमोजे आणि मास्क हवाच. ही भरण काढल्यावर त्यांनी वजन करून पेटीनिहाय वेगळी ठेवली आणि तेवढीच परत भरली, कारण किती भरलंय त्यावर बेस बदलतो. प्रत्येक वायरीचा फोटो, मग चिठ्ठी, मग कापणं. क्रॉसओव्हरमध्ये तीन कॅपॅसिटर, १५०, ५० आणि ६ मायक्रोफॅरड. मोजल्यावर डाव्या पेटीतल्या ट्वीटरचा ६ वाला सगळ्यात बिघडलेला निघाला, म्हणजे दबकेपणाचं कारण ट्वीटर नव्हता. त्या जागी फिल्मचा (आत प्लास्टिकची पातळ पट्टी असलेला) घातला, १५० आणि ५० ला जुन्या प्रकारचेच पण नवे नॉनपोलर इलेक्ट्रोलायटिक. सगळीकडे महागडे फिल्म घालायला लोक सुचवतात, पण जुन्या कॅपॅसिटरचा स्वतःचा थोडा अंतर्गत रोध असतो, डिझाइन करताना तो धरलेला असतो, तो एकदम काढला की वरचे स्वर टोचू शकतात. मला विलचरांच्या काळातला तोल हवा होता, नवा नाही. पॉट उघडून साफ केले, तेच बसवले. काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून पिशवीत परत घेतला, हा माझा आग्रह होता आणि तुम्हीही धरा, उद्या विकायची वेळ आली तर ती पिशवी किमतीचा भाग असते.

फोम दोन्ही वूफरचे एकाच प्रकारचे आणि एकाच वेळी बदलले, चांगल्या असलेल्या बाजूचा ठेवायचा नाही, नाहीतर दोघांचा अनुनाद वेगळा राहतो. योग्य मापाचा आणि योग्य मऊपणाचा फोम यायला महिना उलटून गेला. थांबणं जड जातं, पण "जवळपास बसतो" असा फोम लावू नये. चिकटवताना हळू आवाजात ३० हर्ट्झचा टोन लावून कोन मध्यावर आहे ना ते ऐकत ऐकत बसवतात, ते पाहण्यासारखं असतं. सगळा खर्च मिळून खरेदीच्या साधारण पाव हिस्सा झाला, लेखी दरांपेक्षा थोडा जास्त, फोमच्या टपालामुळे.

जूनमध्ये घरी आल्यावर मोजमाप. मोजणीचा मायक्रोफोन उसना मिळाला, रूम ईक्यू विझर्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. दोन्ही स्पीकर आळीपाळीने अगदी त्याच जागी ठेवून मोजले, दोन रेघा एकमेकींवर बसायला हव्यात, बहुतेक ठिकाणी एक डेसिबलच्या आत बसल्या. खालच्या स्वरांसाठी माइक वूफरपासून बोटभर अंतरावर नेऊन मोजलं, कारण २००-३०० हर्ट्झच्या खाली दुरून मोजलं तर आपण स्पीकर नाही, खोली मोजतो. जागा बदलली की बेस किती बदलतो हे पाहून मी चाट पडले, आणि विकत घेताना परक्या खोलीत ऐकलेल्या बेसवर मत का बनवू नये हे पुरतं पटलं.

शेवटची परीक्षा डोळे बंद करून. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये आणि पुढे हरमन या ऑडिओ कंपनीत वर्षानुवर्षं हे दाखवून दिलं की समोरचं नाव आणि रूप दिसलं की माणसं वेगळे गुण देतात, आणि न पाहता ऐकलं की बहुतेकांना सपाट, गुळगुळीत प्रतिसादाचे स्पीकर आवडतात. मग माझ्याकडच्या नव्या छोट्या स्पीकरशी तुलना केली, मध्ये पातळ कापड, पातळी मीटरने सारखी, बहीण वायरी बदलत होती आणि मी फक्त "एक" किंवा "दोन" लिहीत होते. बायां आणि ऑर्गनला मी जवळपास दर वेळी एआर निवडला. बोलण्याला आणि बारीक तपशिलाला नवा. हे अगदी खरं आहे, एआर-३ए चा वरचा भाग आजच्या मानाने मऊ आहे आणि पेटीच्या पुढे आलेल्या चौकटीमुळे आवाजाची जागा थोडी धूसर होते. पण खाली जे आहे, तो घट्ट, न फुगणारा, हवा हलवणारा बेस, त्यासाठी मी हे सगळं केलं आणि तो मिळाला. हा स्पीकर कमी संवेदनशील आहे, म्हणजे तेवढ्याच ताकदीत इतरांपेक्षा हळू वाजतो, दर ३ डेसिबलला दुप्पट ताकद लागते हे लक्षात ठेवून ॲम्प्लिफायर निवडा.

घराच्या विम्यात नोंदवायला जुलैत कारागिराकडून नवं मूल्यपत्र घेतलं. त्यात दोन आकडे वेगवेगळे मागून घ्या, आज विकले तर किती येतील आणि हरवले तर तशीच जोडी उभी करायला किती लागतील. दुसरा मोठा असतो, आणि विम्यासाठी तोच लागतो. फाइलमध्ये आता सह्यांचं पान, दुरुस्तीच्या पावत्या, आधी-नंतरच्या मोजमापाच्या रेघा आणि काढलेल्या भागांची यादी आहे. डाव्या जाळीचं कापड तेवढं राहिलंय, मूळच्यासारख्या विणीचं लिनन मिळेपर्यंत जुनंच ठेवणार आहे, कारण फाटकं पण मूळचं कापड पुढच्या घेणाऱ्यालाही काहीतरी सांगतं आणि जाळी काढून ऐकायला काहीच अडचण नाही.